हळद तीच, गिऱ्हाईक वेगळं

एकाच पोत्यातली, एकाच दिवशी कांडलेली, एकाच चाळणीतून निघालेली हळद माझ्याकडून तिघी जणी नेतात. आठवड्याने पहिली मुद्दाम सांगायला येते, "ताई, भाजीत अर्धा चमचाच पुरते. अशी हळद पाहिलीच नव्हती." दुसरीला विचारलं तर "बरी आहे" एवढंच म्हणते. तिसरी डबा परत घेऊन येते. "हे काय जी ताई, हे पिवळी कुठं आहे? जुनी तं नाही नं दिली?"

वर्ध्यात आर्वी नाक्याकडे आमची चक्की आहे. वर्षभर गहू-ज्वारीचं दळण आणि होळी झाली की मिरची, मसाला, हळदीचं कांडप. सासूबाई गल्ल्यावर बसायच्या, आता मी बसते. बी.कॉम.ला असताना 'ग्राहक समाधान' नावाचा एक धडा होता. तो मी पाठ करून परीक्षेत लिहिला आणि विसरले. गल्ल्यावर बसल्यावर तो पुन्हा शिकावा लागला. गिऱ्हाईक खूश होणार की नाही याचा अर्धा निकाल ते दुकानाची पायरी चढण्याआधीच लागलेला असतो, हे तेव्हा कळलं.

त्या तिघींचंच बघा. पहिली इतकी वर्षं किराण्यातली स्वस्तातली सुटी हळद वापरत होती, त्यामुळे माझ्याकडची तिला थेट वरच्या पायरीची वाटली. दुसरीचं माहेर समुद्रपूर तालुक्यातलं. घरच्या वाफ्यातली हळद खाऊन ती मोठी झाली, म्हणून माझी हळद तिच्या लेखी जशी असायला हवी तशीच होती, त्यात कौतुक कसलं? तिसरीच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या कार्यक्रमात सगळ्यांचे पिवळे कपडे, पिवळ्या फुलांची सजावट, आणि फोटोत हळदही तशीच झळकायला हवी होती. माझी हळद गडद निघाली. मालात दोष नव्हता, पण तिच्या डोळ्यांपुढे जो रंग होता तो या डब्यात नव्हता.

१९८० साली रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकी अभ्यासकाने हाच हिशेब सिद्धान्त म्हणून मांडला. वस्तू घेण्याआधी आपण मनात एक रेघ मारून ठेवतो. अनुभव त्या रेघेच्या वर गेला तर आनंद, खाली राहिला तर नाराजी, रेघेवर आला तर गिऱ्हाईक गप्प. म्हणजे समाधान हे वस्तूचं एकटीचं माप नाही, अपेक्षा आणि अनुभव यांच्यातलं ते अंतर आहे. जगभरच्या व्यापार-शिक्षणात हा सिद्धान्त आजही शिकवतात. आमच्या सासूबाई तो शिकल्या नव्हत्या, पण नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न विचारायच्या, "आतापर्यंत कुठली वापरत होता?"

मानांकन आलं, अपेक्षाही आली

आमच्या जिल्ह्यात वायगाव दोन आहेत. एक वर्ध्याजवळचं वायगाव निपाणी, दुसरं समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळद्या. नाव आहे ते या दुसऱ्याच्या हळदीचं, आणि माझ्या गल्ल्यावर मिळते ती हीच. २०१६ मध्ये वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचा रंग आणि गुण ज्या करक्युमिनमुळे असतात, ते बाजारातल्या साधारण हळदीत तीन टक्क्यांच्या आसपास असतं. वायगावच्या हळदीत ते सहा टक्क्यांच्या वर जातं.

या हळदीमागे कष्ट किती, ते पाकिटावर दिसत नाही. जूनमध्ये लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये खणायची. मग उकडायची, दोनेक आठवडे उन्हात वाळवायची, ढोलात घालून घासायची. ओली पाच किलो हळद वाळून साधारण एक किलो हळकुंड हाती येतं. करक्युमिन जास्त असल्यामुळे तिची भुकटी गडद दिसते, थोडी नारिंगीकडे झुकते. जाहिरातीतल्या लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या रंगाशी ती जुळत नाही. हेच तिचं वैशिष्ट्य, आणि गल्ल्यावर हीच तिची पहिली तक्रार.

मानांकनाची बातमी पसरली तशी नागपूर-पुण्याहून विचारणा होऊ लागली. त्याबरोबर अपेक्षाही फुगली. एक काका आले आणि म्हणाले, "वायगावची आहे नं? मग गुडघ्याचं दुखणं जाईल माझं." मी म्हटलं, "काका, ही वरणातली हळद आहे. गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जा." करक्युमिनवर पुष्कळ संशोधन चालू आहे हे खरं, पण पोटात गेलेल्यातलं फार थोडं रक्तापर्यंत पोचतं हेही तितकंच खरं. त्या दिवशी मी "हो, जाईल" म्हटलं असतं तर दोन किलो हळद खपली असती. महिन्याने गुडघा तसाच राहिला असता आणि काकांनी हळदीला, मला आणि वायगावला, तिघांनाही खोटं ठरवलं असतं.

जास्त तारीफ उलटते, यावर १९७३ सालचा एक प्रयोग आहे. रॉल्फ अँडरसन या अभ्यासकाने विद्यार्थ्यांच्या हातात साधं बॉलपेन दिलं. पेन सगळ्यांना सारखंच, पण सोबतचं वर्णन वेगवेगळं. कुणाला बेताची स्तुती वाचायला दिली, कुणाला जरा जास्त, कुणाला भरमसाट. बेताच्या स्तुतीने पेन अधिक चांगलं वाटलं. स्तुती एका मर्यादेपलीकडे गेली तेव्हा मात्र त्याच पेनाला मिळालेली पसंती घसरली. फरक थोडा असला तर माणूस तो मनातल्या मनात सांभाळून घेतो, फार असला तर आहे त्याहून मोठा करून सांगतो. दुकानदाराने हे गल्ल्यामागे लिहून ठेवावं.

किमतीचंही असंच. आमच्याकडची हळद मॉलमधल्या चकचकीत डबीपेक्षा स्वस्त पडते. त्यावर एक बाई मला म्हणाल्या, "एवढी स्वस्त? मग वायगावची कशी असंल?" मला हसू आलं, पण त्या एकट्या तशा नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगात लोकांना एकच वाइन दोनदा चाखायला दिली, एकदा दहा डॉलरची सांगून आणि एकदा नव्वदची सांगून. नव्वदची जास्त चवदार लागली. मेंदूच्या तपासणीत आनंदाशी निगडित भागही नव्वदच्या वेळी अधिक सक्रिय दिसला. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच ती चांगली लागली. किंमत ऐकूनही जीभ चव ठरवते. म्हणून दुप्पट भाव लावावा असा मोह होतो. पण वर्षाचं सामान भरणाऱ्या बाईला दुसऱ्या वर्षी पुन्हा माझ्याच दारात यायचं असतं, ती काही एकदा चाखून निघून जात नाही.

दुपट्टा लाल झाला त्याची गोष्ट

एका चैत्रात एक बाई तणतणत आल्या. हातात नवऱ्याचा पांढरा दुपट्टा. त्यावर वरणाचा डाग पडला होता, साबण लावला तर डाग लालभडक झाला. "पाहा हे. हळद लाल काहून झाली? रंग मिसळला तुम्ही." दुकानात चारपाच गिऱ्हाईकं होती, सगळी माझ्याकडे बघायला लागली.

मी शेजारच्या पानठेल्यावरून बोटभर चुना आणला. माझ्या हळदीची चिमूट तळहातावर घेतली आणि चुना चोळला. तळहात लाल झाला. मग त्यांनाच म्हटलं, घरून तुमच्या माहेरची हळद आणा. त्यांचं घर जवळच होतं, आणली. तीही चुन्यात लाल. मागे उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, कुंकू असंच तं करत होते आधी." करक्युमिनला क्षार लागला की ते लाल होतं. चुना क्षार, साबणही क्षार. दुपट्टा स्वच्छ पाण्यातून खळबळून उन्हात टाका म्हटलं, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. वर्ध्याच्या चैत्रातल्या उन्हाने बाकीचं काम केलं.

त्या बाई बारकाईने पाहणाऱ्या होत्या. खोट होती ती त्यांच्या डोक्यात बसलेल्या ठोकताळ्यात. 'शुद्ध वस्तूचा रंग बदलत नाही' हे त्यांनी मोबाइलवर फिरणाऱ्या एका व्हिडिओत पाहिलं होतं. त्यानंतर मी प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घालू लागले. 'ही हळद गडद असते. साबणाने डाग लाल होतो, उन्हात उडतो. थोडी कमी टाका.' तक्रारी जवळजवळ थांबल्या. हळद होती तशीच होती.

कांडपाच्या रांगेतही हेच. एप्रिल-मेमध्ये मिरचीचं कांडप घेऊन बायका उभ्या राहतात. वर्ध्याचं ऊन, मिरचीचा ठसका आणि त्यात वीज गेली तर बघायलाच नको. "अर्ध्या तासात देते" म्हणून तासाने दिलं तर बाई रागावून जाते. "दोन तास लागतील, बाजार करून या" म्हणून दीड तासात दिलं तर ती दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन येते. घड्याळ लावून पाहिलं तर दुसरी जास्त थांबली आहे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. किती थांबायचं हे माहीत नसलेली वाट जास्त लांब वाटते, कारण न सांगता ताटकळत ठेवलं तर आणखी लांब, हे त्यात मांडलं आहे. एसटीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या कुणालाही हे पटेल. गाडी एक तास उशिरा आहे असं सांगितलं तर माणूस चहा प्यायला जातो. काहीच सांगितलं नाही तर पंधरा मिनिटांत चौकशीच्या खिडकीवर भांडायला जातो.

कालची मेहेरबानी, आजचा हक्क

अपेक्षा एका जागी थांबत नाही, ही दुकानदाराची खरी डोकेदुखी. जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये गिऱ्हाइकाच्या गरजांची वर्गवारी केली. तिचे मुख्य तीन भाग आमच्या हळदीला लावून सांगते. काही गोष्टी असायलाच हव्यात, जसं हळदीत खडा नको, वजनात मार नको. त्या असल्या तर कुणी कौतुक करत नाही, नसल्या तर परत कुणी येत नाही. काही गोष्टी जितक्या जास्त तितकं समाधान जास्त, जसा हळदीचा वास आणि रंगाचा उतारा. आणि काही गोष्टी कुणी मागितलेल्या नसतात, मिळाल्या की गिऱ्हाईक हरखतं.

मी पाकिटावर कांडल्याची तारीख हाताने लिहू लागले तेव्हा बायकांना फार अप्रूप वाटलं. आता एखाद्या पाकिटावर तारीख लिहायची राहिली तर पाकीट उलटंसुलटं करून विचारतात, "तारीख कुठं आहे?" हरखण्याची गोष्ट हक्काची झाली. मोबाइलवर पैसे घेणं, घरपोच पाठवणं, या सगळ्यांचा प्रवास असाच झाला. म्हणून दर वर्षी नवीन काहीतरी फुकट द्यायच्या नादाला लागणाऱ्या दुकानदारांची मला काळजी वाटते. ते उद्यासाठी आपल्याच डोक्यावर बोजा चढवून ठेवतात.

काही ठिकाणी मात्र लोकांना नवीन काही नकोच असतं. वर्ध्याच्या गोरस भांडारातला गोरसपाक बाहेरगावचे पाहुणे आठवणीने बांधून नेतात. त्यांना हवी असते ती मागच्या वेळची चव. पारसुरामन या मूळ भारतीय प्राध्यापकांनी दोन सहकाऱ्यांसोबत १९८० च्या दशकात सेवांच्या दर्जाचं मोजमाप बसवलं. दुकानाची टापटीप, तत्परता, आपुलकी, भरवसा वाटेल असं ज्ञान आणि कबूल केलेलं नेमकं पाळणं, असे त्याचे पाच निकष. लोकांना सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटचं. गोड बोलणं आणि एसी त्यानंतर येतात.

आणि काही ठिकाणी गिऱ्हाइकाला आधी शिकवावं लागतं. वर्ध्यातलं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला सुरू झालं. तिथे खादी मिळते, नैसर्गिक रंगात रंगवलेलीही. हातसुताच्या कापडात मध्येमध्ये जाड धागा येतो. गिरणीच्या कापडाची सवय असलेला माणूस त्याला खोट म्हणतो. चरखा चालताना पाहिलेला माणूस तोच धागा बोटाने चाचपून बघतो आणि कापड विकत घेतो. कापड एकच, पाहणाऱ्याला काय ठाऊक आहे तेवढाच फरक. सेवाग्रामला येणाऱ्या शाळेच्या मुलांना चरखा दाखवतात तेव्हा उद्याचे गिऱ्हाईकच तयार होत असतात.

चुकीची अपेक्षा विष कालवते

इथपर्यंतच्या गोष्टी रुसव्याफुगव्याच्या होत्या. आता सांगते ती गंभीर आहे.

बांगलादेशात १९८० च्या दशकात मोठा पूर आला. हळकुंडं भिजली, काळवंडली. गिऱ्हाइकाला मात्र नेहमीसारखीच पिवळीजर्द हळद हवी होती. मग हळकुंडं घासताना त्यात लेड क्रोमेट हा पिवळा रंग मिसळायला सुरुवात झाली. या रंगात शिसं असतं. ते अंगात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करतं. पूर ओसरला तरी ती पद्धत गेली नाही, कारण लोकांच्या डोळ्यांना आता तोच रंग अस्सल वाटू लागला होता. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केलं, सरकारने बाजारात कारवाई केली, वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने लोकांना सांगितलं. शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्के होतं, २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. शेतकरी तोच होता, हळद तीच होती. बाजारात धाक बसला आणि गिऱ्हाइकाची मागणी बदलली.

हे शेजारच्या देशाचं म्हणून सोडून देता येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका यांतल्या २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने तपासले. त्यांतल्या सुमारे १४ टक्क्यांत शिसं जास्त निघालं, आणि सर्वाधिक प्रमाण सापडलेल्या शहरांत आपलं पाटणा आहे. 'पिवळीधमक द्या' ही आपली साधी मागणी साखळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी रंगाच्या डब्याकडे हात न्यायला लावते. गिऱ्हाईक राजा असतो असं आपण म्हणतो, तर राजाच्या हट्टाची जबाबदारीही राजाचीच.

घरच्या घरी एक ढोबळ तपासणी करता येते, अन्नसुरक्षा प्राधिकरणच ती सुचवतं. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि ढवळू नका. खरी हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंगाचा संशय घ्या. अख्खं हळकुंड पाण्यात टाकल्याबरोबर रंग सुटू लागला तरी ते दुकान सोडा.

कायदा कुणाची अपेक्षा मोजतो

कायद्यालाही हा विषय नवा नाही. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याला २४ डिसेंबरला मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. याचा अर्थ सरळ आहे. विक्रेत्याने स्वतःच्या तोंडाने, पाकिटावर किंवा जाहिरातीत जी अपेक्षा उभी केली, तिला तो बांधील आहे. आपण मनानेच जी कल्पना केली तिला तो बांधील नाही. मी 'वायगावची' लिहून दुसरीकडची हळद भरली तर मी गुन्हेगार. मी 'गडद असते' लिहून दिलं आणि तुम्हाला पिवळी हवी होती, तर आपला वाद गल्ल्यावरच मिटायला हवा.

पण वाद गल्ल्यापर्यंत येतच नाही, हे आमचं मोठं दुःख. नाराज गिऱ्हाईक बहुधा बोलत नाही. ते गुपचूप दुसऱ्या चक्कीवर जातं आणि चार बायांना सांगतं. डबा परत घेऊन येणारी बाई म्हणून मला परकी वाटत नाही. तिच्यामुळे आणि दुपट्टा घेऊन आलेल्या बाईंमुळे पाकिटात चिठ्ठी आली. 'छान आहे' म्हणून पुन्हा न फिरकणारीने मला काहीच शिकवलं नाही.

माझ्यासारख्या दुकानदारांना सांगणं इतकंच की जेवढं पाळता येईल तेवढंच बोला, आणि मालाची जी गोष्ट गिऱ्हाइकाला खटकू शकते ती विकण्याआधी सांगा. घेणाऱ्यांना सांगणं हे की रंग बघून पैसे मोजू नका. कुठली, कधी काढलेली, कधी कांडलेली, हे तीन प्रश्न विचारा. शंका आली तर दुकानदाराला तोंडावर विचारा. तो उडवाउडवी करू लागला तर पावती जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही. म्हणून पावती मागायला लाजू नका.